उतारा अडतो तो छोट्या शब्दांवर

इंग्रजी उताऱ्यांवरचे प्रश्न शिकवणं, त्यांचे सराव-संच तयार करणं आणि मॉक टेस्ट झाली की चुकलेली उत्तरं घेऊन पुन्हा त्याच उताऱ्यात शिरणं, असं माझ्या कामाचं स्वरूप आहे. स्पर्धापरीक्षांचा सीसॅट, बँकांच्या परीक्षा, कॅट, परदेशी जाणाऱ्यांची आयईएलटीएस आणि जीआरई या परीक्षा एकमेकींहून कितीही वेगळ्या असल्या, तरी आरसीमध्ये, म्हणजे रीडिंग कॉम्प्रिहेन्शनमध्ये, मार्क जाण्याच्या जागा मात्र आश्चर्य वाटावं इतक्या सारख्या आहेत. विद्यार्थी आपलं निदान आपणच करून येतो : व्होकॅब कच्चं आहे. पालकांनाही ते लगेच पटतं, कारण त्यावरचा उपाय दुकानात मिळतो. शब्दांच्या याद्या, फ्लॅशकार्डं, रोजचे ठरावीक शब्द पाठ. हे निदान अगदीच खोटं नाही. त्याच्याकडे पुढे वळायचं आहेच. पण चुकलेल्या उत्तराचा माग काढत उताऱ्यात मागे मागे गेलं, तर तो माग सहसा अवघड शब्दापाशी थांबत नाही. तो थांबतो ‘मे’, ‘मेरली’, ‘ईव्हन’, ‘क्लेम’, ‘टु बी शुअर’ यांच्यासारख्या, शाळकरी मुलालाही ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. ओळखीचे म्हणूनच त्यांच्यावर डोळा टेकलेला नसतो. लेखकाचा सूर बहुतांशी याच शब्दांत असतो, आणि अनोळखी शब्दाचा अर्थ सांगणारे धागेही इथूनच निघतात. क्लासच्या वेळापत्रकात ‘टोन’ आणि ‘कॉन्टेक्स्ट क्लूज’ ही दोन वेगळी प्रकरणं असतात. प्रत्यक्ष उताऱ्यात ते एकच काम आहे, आणि ते वेगवेगळं शिकवल्यामुळे दोन्ही कच्ची राहतात, असं माझं म्हणणं आहे.

एक वाक्य घेऊ. एका समीक्षिकेबद्दल लिहिलं आहे : हर रिव्ह्यूज वेअर युज्वली इफ्यूसिव्ह, दिस वन वॉज मेरली पोलाइट. ‘इफ्यूसिव्ह’ हा शब्द आधी कधी भेटलेला नाही असं धरून चालू. क्लासमधली रीत सांगते, आजूबाजूचे शब्द पाहा. आजूबाजूला ‘पोलाइट’ आहे, म्हणजे सभ्य. मग ‘इफ्यूसिव्ह’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द असावा, म्हणजे उद्धट. पर्यायांत ‘हार्श’ असतोच, तो टिकमार्क होतो आणि उत्तर चुकतं. आता ‘मेरली’कडे पाहा. परीक्षण ‘नुसतंच सभ्य’ होतं. ज्याला ‘नुसतंच’ म्हणता येतं ते अपेक्षेपेक्षा कमी असतं. म्हणजे एरवीची परीक्षणं सभ्यतेच्या कितीतरी पलीकडे जाणारी, भरभरून कौतुक करणारी असली पाहिजेत. ‘युज्वली’ने तुलना उभी केली, ‘मेरली’ने तिची दिशा सांगितली आणि अवघड शब्दाचा अर्थ आपोआप बाहेर आला. त्याच शब्दाने आणखी एक गोष्ट सांगितली, की या खेपेचं परीक्षण लेखकाच्या मते थंड होतं. संदर्भ लागला आणि सूर कळला, दोन्ही एकाच शब्दातून. पाठ केलेल्या यादीत ‘इफ्यूसिव्ह’ असता तर हा प्रश्न सुटला असता, हे खरंच. पण पुढच्या उताऱ्यात तो शब्द नसेल आणि ‘मेरली’ असेल.

टोन शिकवण्याची रूढ पद्धत ही की उतारा वाचून झाल्यावर तो पॉझिटिव्ह, निगेटिव्ह की न्यूट्रल ते ठरवायचं आणि त्यावरून ऑप्शन कापायचे. सोबत विशेषणांची यादी : स्केप्टिकल, सार्डॉनिक, लॉडेटरी, डिडॅक्टिक, ॲम्बिव्हॅलंट. यादीला माझी हरकत नाही. ऑप्शन समजायला ती लागतेच. अडचण त्याच्या आधीच्या पायरीत आहे. सूर हा संपूर्ण उताऱ्याचा एक रंग असतो, असं ती पायरी गृहीत धरते. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये अर्थाचे चार पदर वेगळे केले होते. काय म्हटलंय ते एक, विषयाबद्दल लेखकाला काय वाटतं ते दुसरं, वाचकाशी तो कोणत्या नात्याने बोलतोय ते तिसरं आणि त्याला साधायचंय काय ते चौथं. त्यांच्या लेखी ‘टोन’ म्हणजे यातला फक्त तिसरा पदर. परीक्षांनी दुसरा आणि तिसरा एकाच शब्दात कोंबले आणि क्लासनी त्या कोंबलेल्या शब्दाचे तीन खण केले. दादाभाई नौरोजींच्या १९०१ सालच्या ग्रंथाचं ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ हे नुसतं नाव या तीन खणांत बसवून पाहावं. हिंदुस्थानातल्या राज्यकारभारावर त्यात कडक ठपका आहे. पण ठपका ठेवण्यासाठी वापरलेलं माप ब्रिटिशांचंच आहे, आणि ते माप चांगलं आहे हे नावातच मान्य केलेलं आहे. ‘निगेटिव्ह’ म्हटलं तर अर्धं हातातून गेलं, ‘पॉझिटिव्ह’ म्हणवत नाही, आणि ‘न्यूट्रल’ म्हणणं म्हणजे विनोद. सुराला दिशा असते, माप असतं आणि मुख्य म्हणजे रोख असतो. कशाबद्दल, हे विचारल्याशिवाय कसा, हे विचारता येत नाही.

त्याहून मोठा घोटाळा आवाजांचा असतो. विचारप्रधान इंग्रजी गद्यात लेखक सलग स्वतःचंच मत सांगत नाही. तो दुसऱ्याचं मत मांडतो, त्यातलं काही मान्य करतो, मग बाजू बदलतो. डॉ. आंबेडकरांच्या १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी हा समर्थकांचा मुद्दा आधी मांडलेला आहे आणि मग खोडलेला आहे. त्या खोडण्याचा सगळा भार ‘केवळ तेवढंच नाही’ अशा धर्तीच्या वाक्यरचनेवर आहे. घाईने वाचणारा पहिला भाग लेखकाच्या नावावर जमा करतो, आणि जातिसंस्थेच्या सर्वांत कठोर टीकाकाराच्या तोंडी जातिसंस्थेचं समर्थन घालतो. आंबेडकरांच्या बाबतीत अशी चूक सहसा होत नाही, कारण ते कोण होते हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. परीक्षेतला उतारा निनावी असतो. तिथे आधार फक्त ‘इट इज ऑफन सेड’, ‘सम स्कॉलर्स मेंटेन’, ‘ग्रँटेड’, ‘टु बी शुअर’ अशा पाट्यांचा. ‘टु बी शुअर’ने सुरू झालेलं वाक्य ‘शुअर’ या शब्दामुळे लेखकाचं ठाम मत वाटतं. वास्तविक लेखक पुढच्या ‘बट’साठी रस्ता मोकळा करत असतो. क्रियापदांचंही तेच. एखाद्याने काही ‘पॉइंट आउट’ केलं असं लेखक लिहितो तेव्हा ते त्याला मान्य असतं. ‘क्लेम’ केलं असं लिहितो तेव्हा त्याने हात राखून ठेवलेला असतो. ‘कन्सीड’ केलं म्हटलं, की बोलणाऱ्याला ते नाइलाजाने कबूल करावं लागलं असं कळतं. घरच्या अभ्यासात या तिन्हींचा अर्थ ‘म्हणाला’ एवढाच लिहिलेला असतो.

प्रश्न तयार करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे अधिक स्पष्ट होतं. बरोबर पर्याय लिहिणं सोपं. कष्ट पडतात ते चुकीचे पर्याय लिहायला. चुकीचा पर्याय खोटा असायला हवा, पण खोटा दिसता कामा नये. त्यासाठी हमखास जागा असतात त्या अशा. उताऱ्यात आलेलं पण लेखकाने दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं मत उचलायचं. ‘मे’ गाळून शक्यतेचं विधान करायचं. ‘सम’च्या जागी ‘मोस्ट’ घालायचं. उताऱ्यातलेच तीन-चार ठसठशीत शब्द जसेच्या तसे वापरायचे, म्हणजे हे आपण वाचलंय या ओळखीनेच विद्यार्थी तिकडे ओढला जातो. बरोबर पर्याय बहुधा उताऱ्यातले शब्द टाळून लिहिलेला असतो आणि म्हणून परका वाटतो. हे सगळं लबाडीने केलं जातं असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. वाचणाऱ्याने वाक्य वाचलं की नुसते शब्द वेचले, हे ओळखण्याचा दुसरा मार्ग चार पर्यायांच्या परीक्षेत नाही.

मोठ्या परीक्षा गेल्या काही वर्षांत जशा बदलल्या त्यातूनही हीच दिशा दिसते. जीआरईमधले विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्द-जोड्यांचे प्रश्न २०११ साली गेले. सॅटमधल्या शब्द-जोड्या २००५ मध्येच गेल्या होत्या आणि अवघड शब्द हेरून केलेले गाळलेल्या जागांचे प्रश्न २०१६ मध्ये बंद झाले. त्यांच्या जागी ओळखीचा शब्द विशिष्ट वाक्यात कोणत्या अर्थाने आलाय, हे विचारलं जाऊ लागलं. आताच्या डिजिटल सॅटमध्ये तर २५ ते १५० शब्दांचा छोटासा मजकूर आणि त्यावर एकच प्रश्न असतो. एवढ्याशा मजकुरात एक ‘हाउएव्हर’ निसटला तर सावरून घ्यायला जागाच उरत नाही. आयईएलटीएस या बाबतीत फार प्रामाणिक आहे. मजकुरातल्या माहितीबद्दल विचारायचं असेल तर ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ आणि लेखकाच्या मताबद्दल विचारायचं असेल तर ‘यस, नो, नॉट गिव्हन’, अशी तिथे उत्तरांची भाषाच वेगळी ठेवलेली आहे. माहिती आणि मत या दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्या लागतात, हे प्रश्नपत्रिकेच्या मांडणीतूनच सांगितलेलं असूनही बहुतेकांना तो फरक छपाईतली लहर वाटतो. ओळखीच्या शब्दांचा धोका किती, हे बटिया लाउफर यांनी दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या वाचनाबद्दल लिहिताना दाखवून दिलं आहे. जो शब्द येत नाही हे माहीत असतं तिथे माणूस थांबतो. जो येतो असं वाटतं तिथे तो धडधडीत चुकतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एखाद्या पक्षाने विधेयकाला ‘क्वालिफाइड सपोर्ट’ दिला असं वाचून पात्र, लायक, भक्कम पाठिंबा असा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात, कारण ‘क्वालिफाइड’ आपल्याला नोकरीच्या जाहिरातींतून पाठ आहे. तो अटी घालून दिलेला, राखून ठेवलेला पाठिंबा आहे, हे पुढच्या ‘प्रोव्हायडेड दॅट’वरून कळतं. पण तिथवर जाऊन मागे वळायची सवय हवी.

आता व्होकॅबवाल्यांचा आक्षेप. शब्दच येत नसतील तर छोटे शब्द घेऊन काय करायचं? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला भक्कम पुरावाही आहे. हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मजकुरातले जवळपास ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील तरच बहुतेक वाचकांना तो मदतीशिवाय नीट कळतो, असं दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. ८० टक्के शब्द येणाऱ्या गटात तर कुणालाच तो पुरेसा समजला नाही. शिवाय संदर्भ नेहमी मदतच करतो असंही नाही. आयझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं, की काही संदर्भ अर्थाकडे नेतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही सरळ दिशाभूल करतात. तेव्हा ‘शब्द येत नसला तरी चालेल, संदर्भावरून काढता येतो’ हे क्लासच्या जाहिरातीतलं वाक्य मी कधीही खपवून घेणार नाही. संदर्भ शब्दसंग्रहाची जागा घेत नाही. शब्दसंग्रह बराचसा असेल तर उरलेल्या फटी बुजवतो. पण हा पुरावा यादी पाठ करणाऱ्यांच्या बाजूनेही जात नाही. ते ९८ टक्के शब्द म्हणजे बव्हंशी साधे, वारंवार येणारे शब्द. जीआरईच्या यादीतला दुर्मीळ शब्द दहा पानांत एकदा भेटेल. ‘मे’, ‘ओन्ली’, ‘ईव्हन’, ‘यट’, ‘हार्डली’ प्रत्येक परिच्छेदात असतात. शब्दांच्या पाठांतराला दिलेल्या वेळातला थोडा भाग या मंडळींना दिला, तर तो वेळ कितीतरी जास्त वेळा उपयोगी पडतो, इतकं साधं गणित आहे.

दुसरा आक्षेप मराठी माध्यमातून आलेल्यांचा, आणि तो आक्षेपापेक्षा न्यूनगंडाच्या रूपात समोर येतो : सूर वगैरे ओळखायला भाषा घरात बोलली जावी लागते, आम्हाला ते कसं जमणार? इथे मला ठामपणे असहमत व्हावंसं वाटतं. ‘साहेबांनी चौकशी केली.’ ‘साहेबांनी चौकशी केली म्हणे.’ ‘साहेबांनी चौकशी केली खरी.’ ‘साहेबांनी चौकशी केली एकदाची.’ या चार वाक्यांत घडलेली गोष्ट एकच आहे, अवघड शब्द एकही नाही आणि तरी बोलणाऱ्याची भूमिका दर खेपेला वेगळी आहे. ‘म्हणे’ने बोलणारा जबाबदारी झटकतो. ‘खरी’ ऐकताच आपले कान पुढच्या ‘पण’साठी टवकारतात, तो ‘पण’ आला नाही तर वाक्य अर्धवट वाटतं. ‘एकदाची’मध्ये किती दिवस वाट पाहिली तेही आलं आणि वैतागही आला. मराठी बोलणारा दहा वर्षांचा मुलगा यातलं काहीही चुकवत नाही. म्हणजे आवाज वेगळे करणं, अंतर ओळखणं, सवलत दिल्यासारखं करून पुढे टोला देणं या सगळ्याची समज त्याच्याकडे आहेच. मराठीत हा ऐवज वाक्याच्या शेपटीला लागलेल्या छोट्या शब्दांत राहतो. लिखित इंग्रजीत तो क्रियापदाच्या आधीच्या सहायकात, क्रियाविशेषणात आणि ‘क्लेम’, ‘ॲडमिट’ अशा क्रियापदांच्या निवडीत राहतो. आपण शोधतो ते चुकीच्या जागी. शाळेत इंग्रजी धडा शिकताना वहीत ‘शब्दार्थ’ म्हणून जे उतरवलं जातं त्यात नामं असतात, विशेषणं असतात, लांबलचक क्रियापदं असतात. ‘मे’ कधी नसतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्षं वाढली, पण डोळ्याला लागलेली ही सवय मोडली नाही.

मराठीतली समज इंग्रजीत आपोआप उतरते असं मात्र म्हणता येणार नाही. परभाषेत वाचताना अडतं ते वाचन की भाषा, असा प्रश्न चार्ल्स आल्डरसन यांनी १९८४ मध्ये विचारला होता. त्यांचा कल असा, की अडचण दोन्हींची असते, पण भाषेची जाण एका पातळीखाली असेल तर ती भाषेचीच जास्त असते. ती पातळी ओलांडल्यावरच मातृभाषेतलं वाचनकौशल्य कामाला येतं. कामातला अनुभव याच्याशी जुळतो. ज्याला साधं इंग्रजी वाक्य लावता येत नाही त्याला ‘म्हणे’ची उपमा देऊन उपयोग नाही, त्याला आधी वाक्यं लावायला शिकवलं पाहिजे. पण स्पर्धापरीक्षांना बसणारे बहुतेक पदवीधर ती पातळी ओलांडून आलेले असतात. त्यांना गरज असते ती त्यांच्याकडे आधीच असलेली समज कुठे लावायची हे कुणीतरी दाखवण्याची. उताऱ्यातले अवघड शब्द सोडून नुसते छोटे शब्द अधोरेखित करायचे, मग ते एकेक काढून वाक्य वाचायचं आणि काय बदललं ते मराठीत सांगायचं, हा सराव त्यासाठी पुरतो. वर्तमानपत्राच्या इंग्रजी अग्रलेखावर तो करता येतो आणि त्याला फी लागत नाही.

सूर ही वैयक्तिक गोष्ट आहे, त्याचं एकच बरोबर उत्तर कसं असेल, असाही एक आक्षेप असतो, विशेषतः साहित्य वाचणाऱ्यांचा. कवितेबद्दल तो मी मान्य करेन. परीक्षेतल्या उताऱ्याबद्दल नाही, आणि त्याचं कारण वाङ्मयीन नसून प्रशासकीय आहे. एमपीएससी पूर्वपरीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका जाहीर करते आणि उमेदवारांकडून हरकती मागवते. प्रश्न काढणाऱ्याला आपलं उत्तर ओळीवर बोट ठेवून राखता आलं पाहिजे. ‘मला तसं वाटलं’ तिथे चालत नाही. म्हणून टोनच्या नीट काढलेल्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातल्या दाखवता येण्याजोग्या शब्दांवरच उभं असतं, आणि ‘स्केप्टिकल’ की ‘डिसमिसिव्ह’ याचा निवाडा लेखकाने ‘अनलाइकली’ म्हटलंय की ‘ॲब्सर्ड’ यावर होतो. ज्या प्रश्नात असा शब्द दाखवता येत नाही तो प्रश्न वाईट. बाजारातल्या टेस्ट सिरीजमध्ये असे वाईट प्रश्न ढिगाने असतात, आणि सूर म्हणजे अंदाजपंचे हा समज बराचसा त्यांच्यामुळेच पसरला आहे.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे. वाचन म्हणजे नुसती भाषा नव्हे. ज्याला विषय माहीत आहे तो जास्त चांगलं वाचतो, मग या परीक्षा वाचन तपासतात की घरातलं वातावरण? डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकन शाळकरी मुलांना बेसबॉलच्या डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाण असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. हे नाकारण्यात अर्थ नाही. यूपीएससीने २०११ मध्ये सीसॅट आणला, एमपीएससीने २०१३ मध्ये; २०१४ मध्ये दिल्लीत त्याविरुद्ध मोठं आंदोलन झालं आणि २०१५ पासून यूपीएससीचा तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. एमपीएससीनेही पुढे तीच वाट धरली. हा पेपर विशिष्ट पार्श्वभूमीच्या उमेदवारांना झुकतं माप देतो, ही आंदोलकांची तक्रार पोकळ नव्हती. पण विषयाची माहिती दुधारी असते, हेही इथेच सांगायला हवं. रिचर्ड्सना ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’साठी तपासलेल्या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांत तयार प्रतिक्रिया दिसल्या होत्या : समोरचा मजकूर काय म्हणतो त्याऐवजी त्या विषयावर आपण नेहमी काय म्हणतो ते लिहिणं. आपल्याकडे हे रोज घडतं. धरण, जनुकीय बियाणं, समाजमाध्यमं, आरक्षण यांवरचा उतारा दिसला की लेखक ‘क्रिटिकल’ असणार हे वाचायच्या आधीच ठरलेलं असतं. यूपीएससी उताऱ्यांच्या वरच लिहिते, की उत्तरं केवळ उताऱ्याच्या आधारे द्यावीत. रोज अग्रलेख वाचणाऱ्या, स्वतःची मतं असलेल्या उमेदवारालाच ही सूचना सगळ्यात अवघड जाते. त्याच्या मतापासून त्याला वाचवणारी एकच गोष्ट कागदावर असते. लेखकाने ‘इन्एव्हिटेबल’ म्हटलं की ‘पॉसिबल’, हे डोळ्यांनी पाहणं.

उरला वेळ. आयईएलटीएसच्या वाचनाच्या पेपरात ६० मिनिटांत ४० प्रश्न, कॅटच्या आरसी असलेल्या विभागाला ४० मिनिटं. एवढ्यात ‘मे’ आणि ‘मेरली’ कोण बघत बसणार? म्हणून मधला, मवाळ ऑप्शन निवडा, ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ कापा, अशा क्लृप्त्या. त्या कधी कधी लागू पडतात. पण त्या क्लृप्त्या प्रश्न काढणाऱ्यांनाही पाठ असतात. ‘कॉशसली ऑप्टिमिस्टिक’च्या शेजारी ‘गार्डेडली स्केप्टिकल’ ठेवला की दोन्ही सारखेच मवाळ, आणि क्लृप्ती संपली. कधी उतारा खरोखरच संतापलेला असतो, तिथे मवाळ पर्याय निखालस चूक. वेळ मुळात वाचायला कमी पडत नाही, पुन्हा वाचायला कमी पडतो. पहिल्या फेरीत कोण काय म्हणतंय हे हातातून सुटलं, की प्रत्येक प्रश्नाला वर जावं लागतं. ‘ऑल्दो’पाशी अर्धा क्षण थांबलेला डोळा नंतरच्या तीन फेऱ्या वाचवतो.

या सगळ्यात ज्याचं सर्वांत जास्त नुकसान होतं तो मात्र पेपर मराठीतून सोडवणारा उमेदवार. त्याच्यासमोर अनेकदा इंग्रजी उताऱ्याचा अनुवाद असतो, आणि अनुवाद घाईचा असेल तर पहिला बळी छोट्या शब्दांचाच पडतो. मोठ्या शब्दांना पारिभाषिक कोश असतो. ‘लार्जली’ला कोण कोश उघडणार? ‘मे कॉन्ट्रिब्यूट टु’चं ‘मुळे होते’ होतं, ‘टेंड टु’ गळून पडतं, ‘क्लेम’चं ‘सांगितले’ होतं, आणि लेखकाने हातचं राखून केलेलं विधान मराठीत छातीठोक होऊन बसतं. प्रश्नाचं उत्तर मात्र मूळ इंग्रजीवर बेतलेलं राहतं. ज्या पेपरमध्ये दोन्ही भाषांतला मजकूर दिलेला असतो तिथे मराठीतून सोडवणाऱ्यानेही एवढं करावं. उतारा मराठीतच वाचावा. अनुमानाचा किंवा सुराचा प्रश्न आला, की ज्या वाक्यावर तो उभा आहे तेवढं एक वाक्य इंग्रजीत शोधावं आणि त्यातल्या मुख्य क्रियापदाच्या अलीकडचा शब्द आधी पाहावा.